पहिल्या आठवड्याचे गुण आणि चौथ्या महिन्याची संध्याकाळ: पँडेरिया व ड्रेनॉर

निसवण (यावल)

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या ब्लिझर्ड कंपनीच्या ऑनलाइन खेळाचा ‘मिस्ट्स ऑफ पँडेरिया’ हा विस्तार (नव्या प्रदेशाची आणि कथेची भर) जुलै २०२५ मध्ये ‘क्लासिक’ रूपात, म्हणजे जवळपास जसा होता तसा, पुन्हा खुला झाला, आणि तेव्हापासून आमच्या जुन्या गिल्डच्या (एकत्र खेळणाऱ्या गटाच्या) मंडळींमध्ये एकच प्रश्न फिरतो आहे. ज्या विस्ताराला २०१२ साली आपल्यापैकीच कित्येकांनी नावे ठेवली, तो आज सगळ्यांना इतका हवाहवासा का वाटतो? याउलट त्याच्या पाठोपाठ आलेल्या ‘वॉरलॉर्ड्स ऑफ ड्रेनॉर’चे समीक्षकांनी तोंड भरून कौतुक केले होते, आणि आज त्याचा विषय निघाला की तेच जुने खेळाडू गप्प होतात. समीक्षकांच्या गुणांची सरासरी देणाऱ्या मेटाक्रिटिक या संकेतस्थळावर पँडेरियाला ८२ आणि ड्रेनॉरला ८७ गुण आहेत. दोन्ही विस्तार मी पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत खेळलो आहे, म्हणून माझे मत सविस्तर मांडतो. खानदेशातल्या इतर खेळाडूंनीही आपले अनुभव लिहावेत, ही विनंती.

माझ्या मते समीक्षक खोटे बोलले नाहीत, त्यांनी माप मात्र चुकीच्या वेळी काढले. ऑनलाइन खेळाचा विस्तार दोन वर्षे चालायचा असतो आणि त्याची समीक्षा पहिल्या आठ-दहा दिवसांत छापून येते. त्या दिवसांत समीक्षकाला काय दिसते? नवा प्रदेश, नवी कथा आणि लेव्हल वाढवण्याचा प्रवास. पँडेरिया २५ सप्टेंबर २०१२ ला आला आणि त्याची पहिली रेड (अनेकांनी मिळून लढायची मोठी मोहीम) २ ऑक्टोबरला उघडली. ड्रेनॉर १३ नोव्हेंबर २०१४ ला आला आणि त्याची पहिली रेड, हायमॉल, २ डिसेंबरला उघडली. म्हणजे घाईने लिहिलेल्या समीक्षेत रेडचा अनुभव येणे शक्यच नव्हते. प्रवासाला दिलेले गुण लोकांनी संपूर्ण विस्ताराचे गुण म्हणून वाचले.

पँडेरियाच्या बाबतीत तर निकाल त्याही आधी लागला होता. ऑक्टोबर २०११ मध्ये ब्लिझकॉन या कंपनीच्या मेळाव्यात घोषणा झाली, तेव्हा जग जाळणाऱ्या डेथविंग ड्रॅगननंतर आता पांडे येणार, हे कळताच लोकांनी हा लहान मुलांचा खेळ झाला असे ठरवून टाकले. पांड्यांसारखी दिसणारी पांडारेन ही जमात कंपनीच्याच एप्रिल फूलच्या गमतीतून पुढे आलेली होती, त्यामुळे टीकाकारांना आयते निमित्त मिळाले. चेन स्टॉर्मस्टाउट हा पांडारेन २००३ मध्ये ‘वॉरक्राफ्ट ३’च्या विस्तारात येऊन गेला होता, हे फार थोड्यांनी लक्षात घेतले. त्यात कौशल्यांच्या झाडाची जुनी पद्धत काढून दर पंधरा लेव्हलला तीनांतून एक निवडायची पद्धत आणली, आणि खेळ सोपा केल्याचा आरोप पक्का झाला.

आता माझा स्वतःचा अनुभव सांगतो. मी त्या वेळी यावलला घरीच होतो. शेतीपंपाची वीज रात्रीच्या पाळीत असली की मोटार सुरू करायला कोणाला तरी जागे राहावे लागे, आणि युरोपच्या सर्व्हरवर खेळत असल्याने मी तसाही जागाच असे. तिथले रात्रीचे आठ म्हणजे त्यांच्या उन्हाळी वेळेत आपले साडेअकरा आणि हिवाळ्यात साडेबारा. मोटार चालू करायची, केळीच्या बागेतल्या ठिबकचे व्हॉल्व्ह फिरवायचे, घरी येऊन पाय धुवायचे आणि पँडेरियातल्या हाफहिल गावातल्या ‘सनसाँग रँच’वरची माझी दुसरी शेती बघायची, असा माझा क्रम होता. पहिल्या दिवशी तिथे चार वाफे मिळतात. माती मोकळी करून बी टाकले की प्रत्येक वाफ्याची तऱ्हा वेगळी निघते. एक रोप पाण्यावाचून माना टाकते, त्याला झारीने पाणी द्यावे लागते. दुसऱ्यावर कीड बसते, तिथे फवारा मारावा लागतो. एखाद्याला तणाचा विळखा पडतो, एखादे इतके रानटी होते की त्याच्याशी झोंबून ते ताळ्यावर आणावे लागते. एवढे केले की दुसऱ्या दिवशी कोबी, गाजर, कांद्याची पात काढायला तयार. गावात ओळख वाढत गेली की चाराचे आठ, आठाचे बारा आणि शेवटी सोळा वाफे होतात.

त्या शेताचा मालक यून हा बाहेरून आलेला माणूस आहे. त्याला शेतीतले काही कळत नाही, आणि गावातल्या जुन्या शेतकऱ्यांनी आपल्याला त्यांच्यातला म्हणावे एवढीच त्याची इच्छा आहे. शेजाऱ्यांपैकी प्रत्येकाच्या आवडीचा पदार्थ वेगळा. तो रांधून नेऊन दिला की ओळख वाढते. शेतातून निघालो की दोन पावलांवर बाजार, आणि त्या बाजारात सर्व्हरवरचे खरे खेळाडू स्वयंपाकाचे सामान घेत उभे असायचे. या सगळ्याला रोज दहा मिनिटे लागत. माझ्या वाचनात आलेल्या समीक्षांमध्ये या शेतीला एखादीच ओळ मिळाली होती, आणि त्यात समीक्षकाचा दोष नाही, कारण आठ दिवसांत सोळा वाफे होतच नाहीत.

ड्रेनॉरमधली गॅरिसन हीसुद्धा ‘तुमची स्वतःची जागा’ होती, आणि समीक्षांमध्ये तिचेच सर्वांत जास्त कौतुक झाले. पहिल्या आठवड्यात ते योग्यच वाटले. ओसाड बर्फात आपले ठाणे उभे राहते, बराक बांधली जाते, अनुयायी येतात, टेबलावरून त्यांना मोहिमांवर पाठवता येते, हे सगळे पाहताना मीही हरखून गेलो होतो. पण खाण आणि वनौषधींची बाग प्रत्येकाला आपल्या भिंतीच्या आतच मिळाली, मग त्याने तो व्यवसाय घेतलेला असो वा नसो. त्यामुळे धातू आणि औषधी शोधायला बाहेर हिंडण्याचे कारण उरले नाही. चौथ्या महिन्यात माझी संध्याकाळ अशी जाऊ लागली: लॉगिन करायचे, खाण आटपायची, बाग आटपायची, टेबलावर दहा-बारा मोहिमा लावायच्या आणि लॉगआउट करायचे. वाटेत एकही जिवंत खेळाडू भेटत नसे.

विस्ताराची पारख या चौथ्या महिन्याच्या साध्या संध्याकाळी व्हायला हवी, असे मला मनापासून वाटते.

रेल्वे कॉलनी (भुसावळ)

निसवण भाऊ, तुमचा गॅरिसनवरचा आक्षेप मला मान्य आहे, परंतु ड्रेनॉरला सरसकट वाईट म्हणण्याची जी पद्धत पडली आहे तिला माझा विरोध आहे. समीक्षकांनी जे पाहिले ते खरोखरच उत्तम होते. फ्रॉस्टफायर रिजची सुरुवात, शॅडोमून व्हॅलीतली रात्र आणि नाग्रांडचा शेवट, इतकी बांधीव कथा या खेळात त्याआधी क्वचितच झाली होती. सुरुवातीच्या दिवसांत सर्व्हरवर हल्ले झाले, लांबलचक रांगा लागल्या, गॅरिसनच्या पहिल्या कामापाशी लोक अडकून पडले आणि कंपनीला भरपाई म्हणून पाच दिवसांचा खेळ मोफत द्यावा लागला. तरीही लोक रांगेत थांबले, कारण आत जे होते ते थांबण्याजोगे होते.

फेब्रुवारी २०१५ मध्ये ब्लॅकरॉक फाउंड्री उघडली आणि या रेडमध्ये ऑपरेटर थोगर हा बॉस (मुख्य शत्रू) भेटला. त्याची लढाई चार रेल्वे रुळांवर चालते. आगगाड्या ठरलेल्या वेळी, ठरलेल्या रुळावरून सुसाट जातात आणि जो रुळावर सापडला तो जागीच मरतो. माझे बालपण भुसावळच्या यार्डाच्या आवाजात गेले आहे, त्यामुळे ही लढाई मला पहिल्या रात्रीच कळली: यात मारण्यापेक्षा वेळापत्रक पाठ असणे महत्त्वाचे. दोन रात्री मी लढाईत कमी आणि वहीत जास्त लक्ष घातले. कोणत्या मिनिटाला कोणत्या रुळावर कोणती गाडी येते, कोणती नुसती निघून जाते आणि कोणती सैनिक उतरवून थांबते, हे सगळे रकाने आखून लिहून काढले. तिसऱ्या रात्री मी ते मोठ्याने वाचत होतो आणि बाकीचे नुसते ऐकून रूळ बदलत होते. थोगर त्या रात्री पडला. ती वही माझ्याकडे अजून आहे.

सांगायचे एवढेच की ज्या विस्तारात अशी लढाई आहे त्याला वाया गेलेला म्हणणे अन्यायाचे आहे.

पांझराकाठ (धुळे)

मी दोन्ही विस्तारांत हीलर (लढाईत इतरांना जिवंत ठेवणारी) म्हणून खेळले आहे, आणि मला भीती वाटते की निसवणदादा पँडेरियाची आठवण थोडी धुऊन-पुसून सांगत आहेत. शेती सुंदर होती, याबद्दल वाद नाही. परंतु २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये आम्ही शेतीत किती वेळ होतो आणि गोल्डन लोटस या पँडेरियातल्या गटाच्या दैनंदिन कामांत किती वेळ होतो, हेही आठवून पाहावे. गोल्डन लोटसशी बऱ्याच वरच्या पायरीपर्यंत ओळख होईपर्यंत शाडो-पॅन आणि ऑगस्ट सेलेस्टियल्स या दुसऱ्या गटांची कामेच सुरू होत नसत, आणि रेडसाठी लागणारी चांगली शस्त्रे-चिलखते त्यांच्याकडे अडकलेली असत. आधीच्या विस्तारात डंजनमध्ये (पाच जणांच्या छोट्या मोहिमेत) त्या गटाचा टॅबर्ड, म्हणजे अंगरखा, घालून ही ओळख वाढवता येत असे, ती सोय नव्या गटांसाठी काढून घेतली होती. नोकरी करून, घरचे आटोपून रात्री बसणाऱ्या बाईला रोज दीड-दोन तास त्याच टेकडीवर त्याच मोगू नावाच्या शत्रूंना मारत बसावे लागले, आणि ते केल्याशिवाय रेडमध्ये आपली जागा टिकत नाही अशी धाकधूक असे. नोव्हेंबरच्या ५.१ पॅचमध्ये (खेळात भर घालणाऱ्या अपडेटमध्ये) दुसऱ्या पात्रांसाठी ही ओळख दुप्पट वेगाने वाढवण्याची सोय आली, पण तोवर माझ्या दोन मैत्रिणींनी खेळ सोडला होता.

म्हणून समीक्षकांनी त्या वेळी दिलेले ८२ गुण मला त्या वेळेपुरते रास्तच वाटतात. आज आपण ज्या पँडेरियावर प्रेम करतो तो २०१३ मधला पँडेरिया आहे.

निसवण (यावल)

ताई, आपले म्हणणे मी मान्य करतो आणि माझ्या पहिल्या मजकुरात गोल्डन लोटसचा उल्लेख राहिला ही माझी चूक आहे. मात्र आपण जे लिहिले त्याने माझ्याच मुद्द्याला बळ मिळते. पहिल्या आठवड्यातल्या समीक्षकाला गोल्डन लोटसचा जाचही पुरता दिसला नसणार, कारण तिसऱ्या दिवशी तीच टेकडी जाच वाटत नाही, तिसाव्या दिवशी वाटते. म्हणजे त्या गुणांमध्ये पँडेरियातले सर्वांत चांगलेही नव्हते आणि सर्वांत वाईटही नव्हते.

रेल्वे कॉलनी भाऊ, थोगरच्या वहीचे दोन पानांचे फोटो इथे टाकता आले तर जरूर टाका.

सातमाळा (चाळीसगाव)

चर्चा वाचून थोडे आकडे मांडावेसे वाटले, कारण वर्गणीदारांची संख्या कंपनी त्या काळात दर तिमाहीला स्वतः जाहीर करत असे. पँडेरिया आला तेव्हा ती एक कोटीच्या वर होती. मार्च २०१३ अखेर ती ८३ लाखांवर आली आणि २०१४ च्या मध्यावर ६८ लाखांपर्यंत उतरली. ड्रेनॉरच्या पहिल्या चोवीस तासांत ३३ लाखांहून अधिक प्रती विकल्या गेल्या आणि वर्गणीदार पुन्हा एक कोटीच्या पुढे गेले. मार्च २०१५ अखेर ७१ लाख, जून अखेर ५६ लाख, सप्टेंबर अखेर ५५ लाख, आणि त्यानंतर कंपनीने हा आकडा देणेच बंद केले. पँडेरियाला जी घसरण व्हायला जवळपास दोन वर्षे लागली, जवळपास तेवढीच घसरण ड्रेनॉरमध्ये साडेचार महिन्यांत झाली. ८७ गुणांच्या समीक्षेने यातले काहीच सुचवले नव्हते.

परंतु माझी एक शंका आहे आणि निसवणभाऊंनी तिचे उत्तर द्यावे. ड्रेनॉरच्या अखेरीला नवे काहीच आले नाही म्हणून लोक चिडले, असे सगळे सांगतात. हेलफायर सिटाडेल ही शेवटची रेड जून २०१५ मध्ये आली आणि ‘लीजन’ हा पुढचा विस्तार ३० ऑगस्ट २०१६ ला, म्हणजे चौदा महिने एकाच रेडवर काढावे लागले. कापसाची वेचणी आटोपल्यावर पऱ्हाट्या उपटायच्या सोडून पाणी देत फरदड घेत राहिले की शेवटी बोंडअळीच पोसली जाते, तशी ती अवस्था होती. पण पँडेरियाचे तरी वेगळे काय झाले? त्याची शेवटची रेड, सीज ऑफ ऑर्ग्रिमार, १० सप्टेंबर २०१३ ला आली आणि पुढचा विस्तार १३ नोव्हेंबर २०१४ ला. तिथेही चौदाच महिने भरतात. फरदड दोघांनीही घेतली, मग एकाला माफी आणि दुसऱ्याला शिक्षा का?

निसवण (यावल)

प्रश्न अगदी नेमका आहे. माझे उत्तर असे की फरदडीच्या आधी पीक किती निघाले, यावर लोकांची सहनशीलता ठरली. पँडेरियात २५ सप्टेंबर २०१२ नंतर एका वर्षाच्या आत चार मोठे पॅच आले: नोव्हेंबरमध्ये ५.१, मार्चमध्ये थंडर किंगचे बेट घेऊन ५.२, मेमध्ये ५.३ आणि सप्टेंबरमध्ये ५.४. शेवटच्या पॅचसोबत टाइमलेस आयल मिळाले, जिथे कोणी कामांची यादी हातात देत नाही, नुसते हिंडले तरी काहीतरी सापडते, आणि मोठा प्राणी उठला की अनोळखी चाळीस माणसे धावत येतात. ड्रेनॉरला दोनच मोठे पॅच मिळाले. त्यातल्या ६.१ मध्ये पात्राचा स्वतःचा फोटो काढायचा कॅमेरा आला आणि वारसा-वस्तूंची मांडणी झाली. ज्यांनी तीन महिने वाट पाहिली होती त्यांना तो आपला अपमान वाटला. म्हणून पँडेरियाचे चौदा महिने भरलेल्या कणगीवर निघाले आणि ड्रेनॉरचे रिकाम्या.

दुसरे कारण माझ्या दृष्टीने अधिक मोठे आहे. पँडेरियाच्या त्या चौदा महिन्यांत करण्यासारखे थोडे उरले होते, तरी ते करताना माणसे भेटत होती. ड्रेनॉरमध्ये प्रत्येक जण आपापल्या भिंतीआड एकटा कंटाळत होता.

वाघूर (जळगाव)

मी या गिल्डमधला वयाने सर्वांत मोठा, ही मंडळी मला नाना म्हणतात. २००७ मध्ये ‘बर्निंग क्रूसेड’ आला तेव्हा जळगावात घरच्या ब्रॉडबँडवर पिंग (सर्व्हरकडून उत्तर यायला लागणारा वेळ) तीनशे मिलिसेकंदांच्या खाली आले की आम्ही दिवस चांगला गेला असे समजत असू. त्या विस्तारात पहिल्यांदा आकाशात उडता आले. त्यातल्या आउटलँड या प्रदेशाच्या लाल मातीवरून पहिल्यांदा वर उठलो आणि खाली रस्त्यावर चालणारे खेळाडू मुंग्यांएवढे दिसले, ती रात्र मी विसरणार नाही.

ड्रेनॉरच्या नाराजीविषयी लिहिताना उडण्याचा वाद वगळता येणार नाही. विस्तार आला तेव्हा तिथे उडण्याची सोय नव्हती, पुढे येईल असे सगळे धरून चालले होते. मे २०१५ मध्ये खेळाचे प्रमुख डिझाइनर आयन हझिकोस्टस यांनी मुलाखतीत सांगितले की ड्रेनॉरमध्येही नाही आणि पुढच्या विस्तारांतही नाही. जमिनीवरून चालले की जग खरे वाटते, हे त्यांचे कारण होते, आणि एक जुना खेळाडू म्हणून ते मला पटते. तरीही लोकांचा उद्रेक एवढा झाला की जूनच्या १० तारखेला निर्णय फिरवावा लागला. ‘पाथफाइंडर’ नावाची ठरावीक कामांची अट पूर्ण करणाऱ्याला उडता येईल असे ठरले आणि सप्टेंबरमध्ये ते प्रत्यक्षात आले. मी तेव्हाही म्हणत होतो आणि आजही म्हणतो, की राग उडण्यासाठी नव्हता. जमिनीवर पाहण्यासारखे, करण्यासारखे भरपूर असते तर लोकांनी घोड्यावरून आनंदाने प्रवास केला असता. टाइमलेस आयलवर कुठे उडता येत होते? तिथे कोणी तक्रार केल्याचे मला आठवत नाही.

आणखी एक जखम आमच्या गिल्डची आहे. पँडेरियात दहा जणांची रेड सर्वांत अवघड पातळीपर्यंत नेता येत असे. आम्ही नेमके दहा होतो: जळगाव, भुसावळ, यावल, धुळे आणि दोन पुण्याला गेलेली मुले. ड्रेनॉरने सर्वांत वरची ‘मिथिक’ पातळी वीस जणांसाठीच ठेवली. लढाईची आखणी एका संख्येसाठी केली की ती अधिक चांगली होते, हे डिझाइनरांचे म्हणणे खोटे नव्हते. ब्लॅकरॉक फाउंड्री त्याची साक्ष आहे. पण आम्हाला आणखी दहा माणसे रात्री साडेबाराला कुठून मिळणार होती? दोघे मोठ्या गिल्डमध्ये गेले, दोघांनी खेळ सोडला. कोणत्याही समीक्षेत मी दहा जणांच्या गिल्डचे नाव वाचले नाही.

अनेर (चोपडा)

मी या सगळ्यांपेक्षा बराच नवा आहे. मे ते ऑगस्ट २०२४ मध्ये पँडेरियाचा जो ‘रीमिक्स’ नावाचा ठरावीक मुदतीचा प्रकार आला होता, त्यातून मी या खेळात आलो. त्यात सगळे इतके वेगाने होत असे की जेड फॉरेस्टची कथा मी धड वाचलीही नाही, तरी ते हिरवे डोंगर आणि पाऊस डोळ्यांत राहिले. आता क्लासिकमध्ये तोच प्रदेश सावकाश पाहतो आहे. माझ्या लेव्हलला ८९ लागले आहेत. ज्यांना हा विस्तार आधीच्या वादांशिवाय भेटला, त्यांना पांड्यांचे काहीच वावडे वाटत नाही, एवढे मी खात्रीने सांगू शकतो. माझा प्रश्न एवढाच आहे, की शेती लेव्हल ९० (इथली शेवटची) होण्याआधी सुरू करावी की नंतर?

पांझराकाठ (धुळे)

अनेर, आधीच सुरू कर. सोळा वाफे हातात यायला दिवस जातात, ते लेव्हल वाढवतानाच जाऊ देत. आणि गावातल्या सगळ्यांना एकदम खूश करायला जाऊ नकोस, एकीकडून धर.

वाघूर नानांनी दहा जणांचा विषय काढला म्हणून मूळ मुद्द्याबद्दल एक लिहिते. अलीकडे काही ठिकाणी समीक्षा टप्प्याटप्प्याने छापतात, आधी ‘समीक्षा सुरू आहे’ असे लिहून गुण राखून ठेवतात आणि काही आठवड्यांनी अंतिम मत देतात. हे पाऊल योग्य आहे, पण तेही पहिल्या रेडपाशी थांबते. माझी अपेक्षा अशी आहे की पहिला मोठा पॅच आल्यानंतर त्याच लेखकाने पुन्हा लिहावे, आणि त्यात तीन प्रकारच्या माणसांचा विचार व्हावा: रोज तास-दीड तास मिळणारी व्यक्ती, लहान गिल्ड आणि एकटा खेळणारा. ड्रेनॉरचा सर्वांत मोठा फटका या तिघांना वेगवेगळ्या कारणांनी बसला. नोकरी करणाऱ्या मला तर गॅरिसनने सुरुवातीला दिलासाच दिला होता, कारण गोल्डन लोटसच्या दीड तासाऐवजी वीस मिनिटांत काम होत असे. त्या वीस मिनिटांनंतर करायला काही उरत नाही, हे मला जानेवारीत उमगले.

रेल्वे कॉलनी (भुसावळ)

ताईंचे शेवटचे वाक्य मला पटले, आणि ड्रेनॉरची बाजू घेऊन आलेला मी एवढे कबूल करतो की फाउंड्रीच्या रात्री वगळल्या तर त्या वर्षातली एकही संध्याकाळ मला तपशीलवार आठवत नाही. गिल्डमधल्या दहांपैकी थोगर पाहिलेले आम्ही सहाच आहोत, हेही खरे आहे. वहीची पाने उद्या दिवसाउजेडी फोटो काढून टाकतो, पेन्सिलीचे लिखाण पुसट झाले आहे.

सातमाळा (चाळीसगाव)

जाता जाता एक जोडतो. ‘मिडनाइट’ या विस्तारासोबत खेळाडूंच्या घरांची जी योजना कंपनीने जाहीर केली, तिच्यात घरे एकएकटी ठेवलेली नाहीत. सुमारे पन्नास घरांची एक वस्ती आणि शेजारी खरे खेळाडू, अशी ती कल्पना आहे. निसवणभाऊ ज्याला भिंतीआडचा एकटेपणा म्हणतात, तो बनवणाऱ्यांच्याही ध्यानात आला आहे, असा त्याचा अर्थ मी लावतो.

निसवण (यावल)

सातमाळा भाऊ, ती योजना वाचून मलाही हाफहिलच आठवले. त्या वस्तीबद्दल पहिल्या आठवड्यात कोणी काहीही लिहो, मी माझे मत चार महिने राहून मगच इथे लिहीन, आणि गुण देणार नाही.

नाना, दहांपैकी सात जण क्लासिकमध्ये परत आले आहेत, आणि आठवा अनेर झाला तर दोघांची सोय करणे अवघड नाही. दहा जणांची रेड इथे अजून चालते. अनेर, या रविवारी रात्री साडेअकराला हाफहिलच्या बाजारात ये, बी मी देतो. युरोपची घड्याळे मागे गेली की वेळ साडेबारा होईल, तेवढे लक्षात ठेव.